प्राणी 'आपोआप' वाचत नसतात

रानभूल : परवा इथे कुणीतरी लिहिलं होतं, "आंतरराष्ट्रीय वन्यजीव संस्थांना दिलेला पैसा जाहिराती आणि पगारात जिरतो, प्राणी वाचायचे ते आपोआप वाचतात." वाचून डोकंच फिरलं. आपोआप? शेवटचे रानटी अरबी ओरिक्स, म्हणजे वाळवंटातले हरणासारखे प्राणी, १९७२ मध्ये मारले गेले. त्याआधी दहा वर्षं एका ब्रिटिश संस्थेने मोजके ओरिक्स पकडून अमेरिकेत वाढवायला दिले नसते, तर १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडायला काय उरलं असतं? गिधाडांचंही तेच. पाकिस्तानात ती पटापट मरत होती तेव्हा मेलेल्या गुरांतलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध कारण आहे, हे शोधलं पेरेग्रिन फंड या पक्षी वाचवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. हे पगाराशिवाय झालं?

शंकेखोर : ते लिहिणारा मीच. ओरिक्सची गोष्ट अर्ध्यावर का सोडलीत? ओमानने ओरिक्स सोडले तेच अभयारण्य तेलासाठी नव्वद टक्के कापलं आणि २००७ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीतून गेलं. आणि माणसांचं काय? १९९१ मध्ये युगांडातलं ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं, गोरिलांना जागा मिळाली, तिथल्या बट्वा आदिवासींना पिढ्यान् पिढ्यांच्या जंगलातून हाकललं. डब्ल्यूडब्ल्यूएफ या आंतरराष्ट्रीय वन्यजीव संस्थेची मदत घेणाऱ्या वनरक्षकांवर २०१९ मध्ये मारहाणीचे, अत्याचारांचे आरोप झाले. संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्लै यांच्या समितीने २०२० मध्ये म्हटलं की संस्थेच्या माणसांचा थेट हात नव्हता, पण तक्रारी कानावर येऊनही जे करायला हवं होतं ते अनेक ठिकाणी झालं नाही.

रानभूल : तेलासाठी अभयारण्य कापलं सरकारने, बिल संस्थेच्या नावावर का? बट्वांवर अन्याय झाला, त्यावर वाद नाही. पण डोंगरी गोरिला एकूण हजारावर गेले, आणि त्यातले बरेच त्याच जंगलात आहेत.

मुकी_माया : माझं दुखणं वेगळं आहे. एका संस्थेला मी कित्येक वर्षं पैसे देत होते. पत्रकावर नेहमी पिल्लांचे डोळे. मग कळलं की बेटांवर उंदीर मारायला हेलिकॉप्टरमधून विष टाकणंही 'संवर्धना'तच मोडतं. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर तेच झालं. त्या विषाने उंदीर आतून रक्तस्राव होऊन तडफडत मरतो. उंदीर प्राणी नाही का?

टिटवी : मायाताई, तिथला पिपिट हा चिमुकला पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही. जमिनीवर घरटं करतो. उंदीर आले सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून, आणि अंडी, पिल्लं फस्त करत राहिले. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त ठरलं, पिपिट पुन्हा गाऊ लागला. तुम्हाला उंदराचा तडफडाट दिसतो, घरट्यातल्या जिवंत कुरतडलेल्या पिल्लाचा दिसत नाही.

मुकी_माया : मला शिकवू नका. जखमी जनावरांच्या निवाऱ्यात मी रात्री काढल्या आहेत. विष खाल्लेली जनावरं हातात मेली आहेत माझ्या. तुम्ही हे नकाशा बघून बोलताय.

टिटवी : मी समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीत काम केलंय, नकाशावर नाही. एकेका जिवाची कणव आणि अख्खी प्रजाती टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. संस्था दोन्हींसाठी तोच फोटो वापरतात, तिथे फसवणूक होते. एवढं तुमचं बरोबर.

शंकेखोर : म्हणजे मी जाहिरातीबद्दल म्हणालो तेच.

रानभूल : नाही. तुम्ही म्हणालात, काम होतच नाही.

टिटवी : कुणालाही न मारता झालेलं काम हवं असेल तर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचं बघा. जाळं ओढणाऱ्या ट्रॉलर बोटींच्या तारांना आपटून आणि लाँगलाइनच्या, म्हणजे लांबच लांब दोरीला लावलेल्या, गळांना अडकून ते मरतात. बोटीमागे रंगीत पट्ट्यांची दोरी सोडली की पक्षी लांब राहतो. बर्डलाइफ आणि आरएसपीबी या पक्षी वाचवणाऱ्या संस्थांची माणसं २००६ पासून हेच शिकवत आहेत. दक्षिण आफ्रिकेत हेक नावाच्या माशाच्या मासेमारीत अल्बट्रॉसचे मृत्यू ९९ टक्क्यांनी घटले.

शंकेखोर : आणि मच्छीमारांना विचारलं होतं, की वरून हुकूम?

टिटवी : त्यांच्याच बोटींवर राहून, त्यांच्याबरोबर दोऱ्या बांधून केलं. नियम झाला, पण दोरी रोज सोडतात ते मच्छीमारच.

शंकेखोर : मग या एका कामाबद्दल माझा शब्द मागे. बट्वांबद्दलचा नाही.

मुकी_माया : उंदरांबद्दलचा माझाही नाही. पण माझे पैसे फक्त त्या दोऱ्यांनाच जातील असं लेखी देतात का, ते विचारून सांगा. दिलं तर पुन्हा सुरू करते.