मदत हवी आहे: एकच ब्लेड बाबांच्या रेझरमध्ये सुरेख चालतं, नव्यात थडथडतं. असं का?

मंडळी, प्रश्न किरकोळ वाटेल, पण महिनाभर रोज सकाळी गळ्याची जळजळ घेऊन ऑफिसला जातोय, म्हणून विचारतो.

कार्ट्रिजचा खर्च नको झाला म्हणून दोन धारांच्या ब्लेडच्या रेझरकडे वळलो. घरात बाबांचा एक होता. पितळी, तीन तुकड्यांचा (वरची टोपी, खालची पट्टी, दांडा), मुलामा पार उडालेला. त्यानं दोन महिने झकास दाढी झाली. पण त्याचे आटे झिजलेत, आवळताना शेवटचा वेढा घसरतो. एखाद्या दिवशी ऐन गळ्यावर सुटा होईल या भीतीनं ऑनलाइन नवा मागवला. दिसायला देखणा, हाताला जड, आणि दाढीला भयंकर. गालावर ठीक, पण हनुवटीखाली आला की सरकत नाही, थडथडतो. उलटा हात मारायची तर सोयच नाही.

साबण बदलला. अंघोळीनंतर दाढी करून पाहिली. तीन कंपन्यांची ब्लेड झाली. शेवटी परवा अर्धी दाढी नव्यानं केली, तेच ब्लेड काढून बाबांच्या रेझरमध्ये घातलं आणि उरलेली केली. डावी बाजू लाल, उजवी गुळगुळीत. ब्लेड तेच, साबण तोच, हात माझाच.

नव्या रेझरमध्ये ब्लेडच्या कडेला नखानं हलकंच दाबलं तर ती लचकल्यासारखी वाटते. म्हणून दोन प्रश्न. कमी लवचीक, ताठ ब्लेड कुठलं मिळतं? की सरळ एका धारेच्या जाड ब्लेडचा रेझर घ्यावा? आणखी एक कोडं: कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये हेच ब्लेड मधोमध मोडून अर्धं उस्तऱ्यात घालतात. तिथे काहीच थडथडत नाही.

माजी_दाढीवाला

हात हलका ठेवा हो! कार्ट्रिजची सवय असलेले सगळे दाबतात. रेझरच्या वजनानं जेवढं कापेल तेवढंच कापू द्यायचं. दाढी दोन-तीन मिनिटं चांगली भिजली पाहिजे, ओला केस कापायला फार सोपा. आणि दांडा गालापासून साधारण तीस अंशांवर धरा. नव्वद टक्के तक्रारी इथेच मिटतात.

मूळ धागाकर्ता

हे सगळं करतोय. आणि मी दाबत असेन, तर बाबांच्या रेझरला तो दाब कसा चालतो?

लेथवाला

तुमचं निदान बरोबर, औषध चुकलं. लचक हाच मुद्दा आहे, पण ब्लेड बदलून ती जाणार नाही.

दोन धारांचं कुठलंही ब्लेड घ्या, जाडी ०.१ मिलीमीटरच्या आसपासच. दाढीचा केसही जवळपास तेवढाच जाड. पोलादही बहुतेक एकाच गोत्रातलं, तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियमचं स्टेनलेस. धार लावायची रीत वेगळी, वरचा लेप वेगळा, म्हणून कापताना फरक जाणवतो. वाकवायला लागणारा जोर मात्र सगळ्यांना सारखाच. हे पातं एकटं ताठ राहावं अशी अपेक्षाच कधी नव्हती. जिलेटच्या १९०४ सालच्या अमेरिकन पेटंटाचा पहिला दावाच असा आहे की पातं इतकं पातळ आणि लवचीक असेल की धारेला ताठपणा यायला बाहेरून आधार लागेल. तो आधार म्हणजे तुमचा रेझर.

आमच्याकडे लेथवर पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करायचं पातळ हत्यार) त्याच्या पकडीतून जास्त बाहेर काढलं की किंचाळायला लागतं, कापायच्या जॉबवर थरथरीच्या रेघा पडतात. टूल तेच, धार तीच. आत ढकलून आवळलं की गप्प. ब्लेडचंही तेच. पकडीच्या बाहेर राहिलेली लांबी दुप्पट झाली की त्याच जोरानं टोक आठपट लचकतं. रेझरमध्ये हा खेळ मिलीमीटरच्या अंशांचा आहे, म्हणून डोळ्याला कळत नाही, गळ्याला कळतो. केस धारेला अडला की कड खाली वाकते, केस तुटला की उसळून वर येते, पुढच्या केसाला पुन्हा तेच. हीच तुमची थडथड.

टोपी ब्लेडला जो बाक देते त्याचंही काम आहे. साधा पत्रा उचलला की झोळ पडतो, पन्हळी पत्रा लांबीला ताठ राहतो. बाकामुळे ब्लेड लांबीभर सरळ राहतं, धारेला लाट येत नाही. पण धारेची खालीवर लचक बाकानं भागत नाही. तिथे टोपी आणि खालची पट्टी यांनी ब्लेड धारेच्या अगदी जवळ चावलं पाहिजे. सलूनचा उस्तरा हेच करतो: अर्धं ब्लेड दोन जबड्यांत, धार जेमतेम बाहेर.

आता तपासणी. फिटर लोक दोन पृष्ठभाग बसतात का ते निळा रंग लावून बघतात. तुम्ही काजळ घ्या. खालच्या पट्टीच्या जिथे ब्लेड टेकतं त्या दोन्ही कडांना बोटानं पुसट लावा, ब्लेड घालून आवळा, सोडवा, आणि ब्लेडच्या पाठीवर ठसा कुठे उमटला ते पाहा. दोन्ही रेझरचा घ्या.

सातासमुद्रापलीकडे

जाड ब्लेडबद्दल. मी इथे न्यू जर्सीत जुना जेम रेझर वापरतो. त्याचं ब्लेड साधारण ०.२३ मिलीमीटर, आणि ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो, म्हणजे तुमच्यापेक्षा बारापट ताठ. थडथड नाही हे खरं. पण ताठ म्हणजे सौम्य नव्हे. धार बाहेर जास्त असेल तर ताठ ब्लेड चूक अजिबात पोटात घालत नाही. माझ्या कानाच्या पाळीखाली पुरावा आहे.

अर्धवट

धागाकर्ते, नव्या रेझरमध्ये ब्लेड लवकर बोथट होतं का? २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी सायन्स साप्ताहिकात दाखवलं होतं की पोलाद केसापेक्षा पन्नासेक पट कठीण असूनही धारेचे कपचे उडतात. केस वाकून तिरका भेटला, तर धारेच्या कच्च्या जागी. लचकणारी कड केसाला सरळ भेटत नसणार, असा आपला माझा तर्क.

मूळ धागाकर्ता

@अर्धवट, हो. बाबांच्या रेझरमध्ये सहा दाढ्या, नव्यात दुसऱ्यालाच मान टाकतं. मी ब्लेडला शिव्या देत होतो.

@लेथवाला, काजळ लावलं. (बायको हा धागा वाचते आहे. डबी परत जागेवर ठेवली आहे.) बाबांच्या रेझरमध्ये दोन्ही धारांना लागून सलग काळी रेघ आली. नव्यात एका बाजूला तुटक ठिपके, तेही धारेपासून बरेच आत, आणि दुसऱ्या बाजूला फक्त मध्यावर. नीट पाहिलं तर खालच्या पट्टीवर एका खुंटीपाशी मुलाम्याचा बारीक थेंब गोठलाय. ब्लेड त्या थेंबावर तरंगतंय. पॉलिश पेपरनं घासू का?

लेथवाला

मुळीच नको. आत बहुतेक जस्ताचं ओतकाम असणार, क्रोम गेला की आठ दिवसांत पांढरं फुटेल. परत करता आला तर करा. नाहीतर एक जुगाड: वापरलेल्या ब्लेडच्या दोन्ही धारा कात्रीनं कापून टाका (चष्मा लावून, तुकडा उडतो) आणि ती पट्टी चांगल्या ब्लेडच्या खाली घाला. आधार वाढेल. पण दोन सुट्या पट्ट्या म्हणजे ताठपणा दुप्पट, आठपट नव्हे. आणि ब्लेड वर उचललं जातं, त्यामुळे रेझर जास्त आक्रमक होतो. पहिल्या दिवशी फक्त गालावर.

मूळ धागाकर्ता

परत करायची मुदत संपली होती, म्हणून जुगाड केला. थडथड ऐंशी टक्के गेली. जबड्याच्या हाडावर दोनदा कापलं, तुरटीनं भागलं. गळ्याला अजून लावलेला नाही.

यावर पैसे घालण्यापेक्षा बाबांचाच दुरुस्त करावा असं वाटतंय. टोपीचा स्क्रू ठीक आहे, दांड्याच्या आतले आटे गेलेत. पुण्यात एकच नग कुणी करून देईल का?

लेथवाला

दुरुस्त कशाला करता, पितळी गोल सळईचा नवा दांडाच करू. बहुतेक एम-पाचचा (पाच मिलीमीटरचा) स्क्रू असेल, पण जुन्या रेझरचे आटे इंची असू शकतात, म्हणून टोपी हातात आल्याशिवाय दांड्यात आटे पाडणार नाही. शनिवारी दुपारनंतर भोसरीला या. टोपी आणि खालची पट्टी दोन्ही आणा, ब्लेड काढून.