भिंतीवरच्या फेलिक्स मांजराखाली नाव कोणाचे लिहावे?

कलाशिक्षिका, लातूर : आमच्या गल्लीतील वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर मुलांकडून जुन्या व्यंगचित्रपटांतील पात्रे रंगवून घ्यायचे ठरले असून प्रायमरचा पहिला हात मारून झाला आहे. फेलिक्स या काळ्या मांजराखाली मी खडूने 'निर्माता : पॅट सलिव्हन' असे लिहून ठेवले होते, परंतु एका ज्येष्ठ सभासदांनी ते मांजर ऑटो मेसमर यांनी काढले, सलिव्हन केवळ स्टुडिओचे मालक होते, असे सांगून ते पुसायला लावले. ऑइल पेंटची अक्षरे एकदा वाळली की पुढची कित्येक वर्षे हलत नाहीत, म्हणून विचारते आहे, की नाव नेमके कोणाचे लिहावे?

चित्रपटप्रेमी, छत्रपती संभाजीनगर : ताई, सभासदांचे म्हणणे निराधार नाही. हे मांजर पहिल्यांदा दिसले ते नोव्हेंबर १९१९ मधील 'फेलाइन फॉलीज' या मूकपटात, आणि तेव्हा त्याचे नाव मास्टर टॉम होते; फेलिक्स हे नाव त्याला पुढच्याच महिन्यात मिळाले. पडद्यावर नाव झळकत असे ते एकट्या सलिव्हन यांचे. ते १९३३ मध्ये वारले, मेसमर मात्र १९८३ पर्यंत हयात होते, आणि पहिला चित्रपट आपण एकट्याने काढला हे त्यांचे कथन जॉन केनमेकर या अभ्यासकाच्या १९७७ च्या माहितीपटामुळे सर्वदूर पोहोचले. आज बहुतेक अभ्यासक मेसमर यांच्या बाजूने आहेत. आपल्या अजिंठ्यात तरी वेगळे काय आहे? सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात ते करवून घेणाऱ्या वराहदेव या वाकाटक मंत्र्याचे नाव आहे, भिंती रंगवणाऱ्याचे नाही.

जुने वाचक, नांदेड : एवढ्या घाईने सलिव्हन यांना केवळ मालक ठरवू नये. ते मूळचे सिडनीचे, स्वतः व्यंगचित्रकार, आणि त्यांच्या स्टुडिओतून १९१७ मध्येच टॉमस नावाच्या मांजराचा एक चित्रपट निघाला होता. शिवाय 'फेलाइन फॉलीज'मध्ये एक पिल्लू आईला हाक मारते तेव्हा संवादाच्या फुग्यात 'लो मम' (म्हणजे 'हॅलो, आई') अशी अक्षरे येतात. मेसमर अमेरिकन, आणि अमेरिकन मूल 'मॉम' म्हणेल; 'मम' हा ऑस्ट्रेलियन उच्चार आहे आणि ते अक्षरही सलिव्हन यांच्याच वळणाचे आहे, असा ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांचा दावा आहे.

बोर्ड पेंटर, परभणी : अक्षराच्या वळणावरून चित्र कोणाचे ते ठरत नाही, साहेब. आमच्या दुकानात अक्षरे मी काढत असे आणि माणसांचे चेहरे माझा जोडीदार, पण बोर्डाच्या कोपऱ्यात नाव दुकानाचेच जाई. 'मम' हा शब्द मात्र विचारात घेण्याजोगा आहे, तो सहज झटकता येणार नाही. ताई, नावाच्या आधी एक पाहा : मुलांनी फेलिक्स कोणता काढला आहे? १९१९ चा फेलिक्स टोकदार, लांबट तोंडाचा होता. त्याला गोलाई दिली ती काही वर्षांनी बिल नोलन या चित्रकारांनी, आणि हातातली जादूची पिशवी तर १९५८ च्या दूरचित्रवाणी मालिकेत, तिचे निर्माते जो ओरिओलो यांच्या काळात आली. पिशवी असेल तर सलिव्हन आणि मेसमर ही दोन्ही नावे अपुरी पडतील.

कलाशिक्षिका, लातूर : मुलांच्या कच्च्या चित्रात पिशवी आहेच, आणि तीही मांजरापेक्षा मोठी. पिशवी काढून टाकून तोंड टोकदार करायला त्यांनी कुरकुरत होकार दिला आहे, त्यामुळे आता चौकटी आखून रेखाटन नव्याने भिंतीवर उतरवावे लागेल. खाली 'फेलिक्स, १९१९, पॅट सलिव्हन यांचा स्टुडिओ. रेखाटन बहुधा ऑटो मेसमर यांचे' असे लिहीन म्हणते. फक्त 'बहुधा' हा शब्द बरोबर पन्हाळीच्या पाइपमागे जातो आहे, तेव्हा मजकूर दोन ओळींत बसवावा लागेल.