चार्ज म्हणजे नेमकं काय? एका शब्दाचे इतके अर्थ कसे?

केळीवाला_रावेर:
राम राम मंडळी. भाचा आठवीला आहे, सेमी इंग्लिश. चार्जचा अर्थ विचारला म्हणून मी म्हटलं पैसे, तर म्हणे मामा मग मोबाईल चार्ज करतो तेव्हा त्यात पैसे भरतो का. आता काय सांगू. कुरियरवाला चार्ज लावतो, तहसीलला नवीन साहेब चार्ज घेतात, पोलीस लाठीचार्ज करतात, कोर्टात चार्जशीट जाते. सगळं पाठच करायचं का काही मेळ आहे ह्यात?

पांझराकाठ:
मेळ आहे ना. लॅटिनमध्ये कार्रुस म्हणजे गाडी, त्यावरून गाडीत माल भरणं असं क्रियापद झालं आणि ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत चार्ज होऊन आलं. कार, कॅरी, कार्गो ही सगळी त्याच खटल्यातली. म्हणजे मूळ अर्थ ओझं चढवणं, बस. बिलावर रक्कम चढवली, माणसावर गुन्हा चढवला, साहेबाच्या डोक्यावर अख्खं ऑफिस चढवलं. बंदुकीत दारू ठासणं हे पण चार्ज करणंच. विजेचं म्हणाल तर १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरणीत वीज साठवायचे प्रयोग करायचा, त्याला वीज म्हणजे एक प्रकारचा पातळ पदार्थ वाटायचा, भरता येतो, रिकामा करता येतो, तिथून बॅटरी चार्ज करणं आलं.
आणि गंमत बघा, आपल्याकडे पण तेच, पदभार, विद्युतभार, प्रभारी. आरोप हा शब्दसुद्धा संस्कृतात मुळात वर चढवणं, ठेवणं असाच आहे.

वकिलाचा_मुन्शी:
चार्जशीटचं जरा सांगतो कारण पेपरात बातमी आली की पारावर लोक म्हणतात झाली शिक्षा. तसं नसतं हो. पोलीस तपास करून आरोपपत्र देतात, पुढे कोर्ट कागद बघून चार्ज फ्रेम करतं म्हणजे कोणत्या कलमाखाली केस चालवायची ते ठरवतं आणि मग कुठे साक्षीपुरावे. कागदात दमच नसेल तर चार्ज फ्रेम करायच्या आधीच डिस्चार्ज मिळतो, ते निर्दोष सुटण्यापेक्षा वेगळं.

भो_अहिराणी:
आमना गावमा चार्जना अर्थ एकच शे, लाईट शे तं मोबाईल लाई ठेव 😄

अमळनेर_मास्तर:
भाच्याला पुढचा शब्द बघायची सवय लावा, अर्ध काम तिथेच होतं. चार्ज्ड विथ थेफ्ट म्हणजे चोरीचा आरोप, चार्ज्ड फॉर डिलिव्हरी म्हणजे डिलिव्हरीचे पैसे लावले, चार्ज्ड ॲट हिम म्हणजे त्याच्या अंगावर धावून गेला (लाठीचार्जमधला चार्ज हाच). एका ठिकाणी मात्र चांगले चांगले फसतात, नर्स इन चार्ज ऑफ द बेबी म्हणजे बाळाची जबाबदारी नर्सकडे, पण मध्ये द घालून इन द चार्ज ऑफ केलं की उलटं होतं, म्हणजे जो शब्द पुढे येईल त्याच्या ताब्यात. आणि चार्जिंग संपलं हे आपलं मराठी झालं, इंग्रजीत बॅटरी इज डेड म्हणतात, पेपरात तसंच लिहायला सांगा.

केळीवाला_रावेर:
भारी काम झालं भाऊ. ओझ्याचं त्याला एकदम पटलं पण आता विचारतो मग डिस्चार्ज म्हणजे ओझं उतरवणं का.

पांझराकाठ:
हुशार आहे पोरगा. हो तेच, म्हणून तर आपण बॅटरी उतरली म्हणतो. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की बातमीत तापीत इतक्या क्युसेकचा डिस्चार्ज असं येतं ना, ते पण तेच.

वकिलाचा_मुन्शी:
फक्त दवाखान्याचं वेगळं सांगा त्याला, तिथे आधी चार्जेस भरावे लागतात मग डिस्चार्ज 😀