खारेपाटातल्या बांधावरून सायकल न्यायची आहे, मदत हवी आहे

सांजवारा:
नमस्कार. मी मुलुंडला राहते, आठ वर्षं सायकल चालवते आहे. रविवारी पहाटे भांडुप पंपिंग स्टेशनच्या कच्च्या वाटेने खाडीच्या दिशेने जायचं, मिठागरांच्या कडेला जरा थांबायचं आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं, असा नेम आहे. घाट चढायची हौस मला कधीच नव्हती. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेत आणि मध्ये हातभर रुंदीची मातीची वाट, असा सपाट मुलूख मला मनापासून आवडतो.

आईचं माहेर अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीच्या पट्ट्यातलं, शहापूरजवळचं. आजोबा उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांध बघायला जायचे. कुठे पाणी झिरपताना दिसलं की हाका मारून गाव उठवायचे आणि सगळे मिळून चिखलाचे गोळे लावायचे. हे आईकडून इतक्या वेळा ऐकलंय की तो बांध मी पाहिला नाही यावर माझाच विश्वास बसत नाही. मामांनी जमीन केव्हाच विकली. आता तिथे आमचं कोणी नाही. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिचे गुडघे साथ देत नाहीत. मी जाऊन बघून यावं आणि तिला सांगावं असं फार वाटतंय.

अडचणी अशा. मंडव्यापर्यंत रोरोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने जाता येईल, पण तिथून पुढे कच्च्या वाटा कुठे सुरू होतात? बांधावर सायकल चालते का, आणि मुख्य म्हणजे चालवावी का? विचारायचं कोणाला? माझी सायकल साधी हायब्रिड आहे, ७०० × ३५ चे टायर. ओळखीचे लोक म्हणतात ग्रॅव्हल बाइक घे, पण त्या लाखाच्या आसपास आणि पुढे जातात. एका वाटेसाठी तेवढा खर्च करावा का? शिवाय खाऱ्या हवेत सायकलचं काय होतं तेही सांगा. मागच्या मोसमात माझी सीटची नळी फ्रेममध्ये अशी घट्ट बसली की निघेचना.

रानवाट:
नवीन सायकल अजिबात घेऊ नका. ग्रॅव्हल बाइकचा फायदा असतो तो रुंद टायरचा, लांब पल्ल्यात हात बदलायला मिळणाऱ्या वळलेल्या हँडलचा आणि खडीवर स्थिर राहणाऱ्या बैठकीचा. तुमची वाट सपाट आहे आणि दिवसभराचीच आहे. फ्रेम आणि पुढच्या चिमट्यात जागा असेल तर ४० चा टायर टाका. दोन्ही बाजूंना निदान चार-पाच मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर चिकण माती चिमट्यात अडकते आणि चाक जागच्या जागी थांबतं.

हवा कमी ठेवा. ३५ च्या टायरमध्ये ट्यूब असेल तर ४५ ते ५० पीएसआय. त्याहून फार खाली गेलात तर दगडावर ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. त्या भागात बाभळीचे काटे आहेत, म्हणून दोन ट्यूब, पॅच आणि पंप जवळ हवाच. जमलं तर ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या, काट्याची भोकं बहुतेक आपोआप बुजतात.

अटल सेतूचा विचार मनात असेल तर सोडून द्या, तिथे दुचाकींनाच बंदी आहे, सायकलचा प्रश्नच येत नाही. ईस्टर्न फ्रीवेचंही तेच. मुलुंडहून पहाटे निघून शीव, दादर करत भाऊच्या धक्क्याला या. रोरोवर सायकल चढवता येते, मंडव्याला साधारण तासाभरात पोचता. उतरल्यावर रेवस, हाशिवरे करत शहापूर-धेरंडकडे जायचं. मोठा रस्ता टाळून गावागावांतून गेलात तर रहदारी फार लागत नाही.

खारेपाटकर:
सांजवाराताई, तुमचं लिहिलेलं वाचून थांबून राहिलो. माझं गाव त्याच पट्ट्यातलं. बांधाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाहेरून येणाऱ्या माणसाला तो नुसती वाट दिसतो.

आमच्याकडची शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. खाडी आणि शेत यांच्यामध्ये उभा असतो तो बाह्यकाठा. त्यात ठरावीक अंतरावर उघाड्या असतात. ओहोटीला त्यांच्यातून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरतीला खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून त्या बंद होतात. बांधाला एकदा खांड गेली की खारं पाणी भातात शिरतं आणि मग दोन-तीन वर्षं तरी ती जमीन पीक धरत नाही, पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत वाट बघावी लागते. पूर्वी ज्याची शेती त्याच्या वाट्याला बांधाचा तुकडा असायचा आणि त्यानेच तो राखायचा. तुमच्या आजोबांचा कंदील त्यासाठी होता. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यानंतर बऱ्याच बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. पण पाणी आत आलं की नुकसान अजूनही शेतकऱ्याचंच होतं.

आता सायकलचं. बांध हा चिखलाचा, आतून खेकड्यांनी पोखरलेला. ओला असताना चाक गेलं की चाकोरी पडते, चाकोरीत पाणी साचतं, आणि पुढच्या उधाणाला तिथूनच माती सुटायला लागते. एका सायकलने बांध फुटत नाही हे खरं. पण एकाचे फोटो बघून पुढच्या वर्षी पन्नास जण येतात, आणि त्यांच्या मागून मोटरसायकली. म्हणून माझं सांगणं असं : पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत बांधावर चाक नकोच. भात कापून झालं की बांध वाळायला लागतो, पौषात तो विटेसारखा कडक होतो. तेव्हा या. रुंद, मुरूम टाकलेला काठा असेल तर चालवा. अरुंद असेल, गवत असेल किंवा ताजी माती लावलेली दिसली तर उतरून चालत जा. उघाडीवर तर कधीच चाक नेऊ नका.

विचारायचं कोणाला, तर शेतात जो दिसेल त्याला. "माझ्या आजोबांचा बांध होता इथे" एवढं सांगितलंत तरी पुरे. त्यापुढचं ते सांगतील, आणि पाणी प्यायल्याशिवाय सोडणार नाहीत.

वाट थोडी वाकडी करून चरीला जरूर जा. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांच्या विरोधात शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा संप केला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, तो याच गावाचा. ज्या जमिनीसाठी रात्री बांध राखले ती पडीक ठेवायची म्हणजे काय, हे तिथे शेताकडे बघत उभं राहिल्यावर नीट कळतं.

टिटवी:
दोन शब्द पाणपक्ष्यांच्या बाजूने, कारण सायकलवाल्यांना हे सहसा कोणी सांगत नाही. ओहोटीला पक्षी चिखलावर पांगून खात असतात. भरती चढली की चिखल बुडतो आणि सगळे थवे बांधांवर, मिठागरांत, उथळ तळ्यांत येऊन दाटीने विसावतात. त्या वेळी तुम्ही बांधावरून गेलात तर शेकाटे, तुतारी, कुरव सगळे उडतात. त्यांना दुसरी जागा उरलेली नसते, आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे परतण्यासाठी साठवलेली चरबी अशीच उडण्यात जाते. म्हणजे बांधावर जायची वेळ ओहोटीची.

ती काढायला कोळ्यांचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, मग ती शुक्ल पक्षातली असो वा वद्य. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. ओहोटी सहा तास आधी, म्हणजे सकाळी नऊला. तुम्ही रोरोने उतरून शहापूरला पोचाल ती वेळ साधारण हीच असेल, म्हणून चतुर्थीच्या आसपासचा रविवार धरा. अष्टमीला जाऊ नका, सकाळी सहालाच भरती असते आणि तुम्ही पोचाल तेव्हा पाणी अजून बांधापाशी असेल. निघण्याआधी छापील भरतीचं कोष्टक एकदा बघाच, पाऊणपटीत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

तुमच्या भांडुपच्या वाटेलाही हेच लागू आहे. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. तिवरांत चाक घालू नका, वर आलेली श्वसनमुळं मोडली की झाड गुदमरतं.

जुनीचेन:
सीटच्या नळीबद्दल. स्टीलची फ्रेम आणि ॲल्युमिनियमची नळी असेल तर मिठाच्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये रासायनिक क्रिया होऊन पांढरा थर बसतो आणि तोच नळी जखडून टाकतो. हातोडा मारू नका. भेदक तेल सोडा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा आणि मग बसायची गादी धरून दोन्हीकडे पिळा. निघाली की फ्रेम आतून पुसून ग्रीस लावा, आणि पुढे दर दोन महिन्यांनी नळी काढून पुन्हा लावत जा.

फेरीनंतर त्याच संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुवा. बादली आणि फडकंच वापरा, जोराच्या फवाऱ्याने खारं पाणी बेअरिंगच्या आत ढकललं जातं. चेन कोरडी करून मगच तेल घाला. मी एकदा आळस करून दुसऱ्या दिवसावर ढकललं तर चेनच्या कड्या तांबड्या झाल्या आणि चार कड्या वळेनाशा झाल्या, चेनच बदलावी लागली. ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा वर्षातून एकदा बदलायच्या, आतून गंजतात आणि वरून काही दिसत नाही.

सांजवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. नळी निघाली, तीन रात्री तेल सोडल्यावर. आतला पांढरा थर खरवडून काढला. ४० चा टायर बसतोय, पण मागच्या चाकाला जेमतेम तीन मिलिमीटर उरतात, म्हणून मागे ३५ आणि पुढे ४० ठेवते. जायचं ठरलंय ते माघातल्या वद्य चतुर्थीला लागून आलेल्या रविवारी.

काल आईला खारेपाटकरांचं उत्तर वाचून दाखवलं. उघाडीचा उल्लेख आला तशी ती म्हणाली, आजोबांचा तुकडा उघाडीला लागूनच होता, शहापूरहून खाडीकडे जाताना. जवळ चिंच होती आणि उघाडीला लाकडी फळ्या होत्या, भरतीला त्या आपटल्याचा आवाज घरात यायचा. एवढ्यावरून जागा सापडेल का?

खारेपाटकर:
चिंचेवरून थोडा अंदाज बांधतो, पण नक्की सांगत नाही, कारण त्या बाजूला चिंच असलेल्या दोन उघाड्या होत्या. फळ्या दोन्हीकडच्या गेल्या, आता सिमेंटचं बांधकाम आणि लोखंडी झडपा आहेत. एका ठिकाणची चिंच वादळात पडली, दुसरी उभी आहे. घरात आवाज यायचा म्हणता, तर घर बांधापासून लांब नसणार, म्हणजे गावाकडची उघाडी असण्याची शक्यता जास्त. तिथल्या काठ्याला गेल्या वर्षी नवी माती पडली आहे, त्यामुळे शेवटचा टप्पा सायकल हातात धरून चाला. आईंना आणखी एक विचारून ठेवा : आवाज यायचा तो उजव्या अंगाने की डाव्या? तेवढं कळलं तर कुठली उघाडी ते मी आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून सांगतो.