सनदी अधिकारी उद्योगात : भार्गवांचा दाखला किती ताणायचा?

फाइलवाला : अधिकारी उद्योगात गेला की 'ओळखी विकायला गेला' असं सरसकट बोललं जातं. आर. सी. भार्गव १९५६च्या तुकडीचे आयएएस. १९८१मध्ये मारुती उद्योगात आले, पुढे सेवाच सोडली, १९८५ ते १९९७ व्यवस्थापकीय संचालक. सुझुकीशी करार ऑक्टोबर १९८२, पहिली गाडी डिसेंबर १९८३. परवाना, आयात, परकीय चलन या फाइली कुठे अडतात हे आतून ठाऊक असल्याशिवाय चौदा महिन्यांत हे जमत नाही.

तिरका : मालकच सरकार होतं हो! सुझुकीकडे जेमतेम २६ टक्के. फाइल अडवणार कोण? शिवाय सुरुवातीच्या गाड्या म्हणजे जपानहून आलेल्या भागांची जुळणी, आणि समोर अँबेसडर नि पद्मिनी.

फाइलवाला : जुळणी मान्य. पण पुढे सुटे भाग इथे बनू लागले ते आपोआप नाही. स्टिअरिंग, काचा, सीट बनवणाऱ्या कंपन्यांत मारुतीने स्वतः भांडवल घातलं, काहींची जपानी कंपन्यांशी गाठ घालून दिली.

लेखापाल : खरी मेख इथेच आहे. सरकारी खरेदीत सर्वांत कमी बोली सोडून दुसऱ्याला काम दिलं की आक्षेप ठरलेला. ठरावीक पुरवठादाराशी वर्षानुवर्षं बांधून घेणं त्या चौकटीत अवघडच. १९५६च्या कंपनी कायद्याचं कलम ६१७ बघा : सरकारचा वाटा किमान ५१ टक्के असेल तरच सरकारी कंपनी. १९९२मध्ये सुझुकी ५० टक्क्यांवर गेली आणि मारुती त्या व्याख्येबाहेर पडली. कॅगचं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचं, लेखापरीक्षणही सुटलं.

तिरका : म्हणजे श्रेय माणसाचं कमी, भागभांडवलाच्या टक्केवारीचं जास्त. आणि ५०-५०चा तोटाही लिहा की. १९९७मध्ये सरकारने भास्करुडूंना व्यवस्थापकीय संचालक नेमलं, सुझुकीला ते पटलं नाही, भांडण आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं. निम्मा-निम्मा वाटा असला की निर्णायक मत कुणाचंच नसतं. तडजोड १९९८मध्ये.

फाइलवाला : त्याच भार्गवांना सुझुकीने २००७मध्ये अध्यक्ष केलं, सरकार पूर्ण बाहेर पडलं त्याच वर्षी. तेव्हा मंत्रालयातल्या ओळखींचा काय उपयोग होता?

लेखापाल : हा मुद्दा बरोबर. पण ते सरकारच्याच कंपनीत गेले होते. आजचा प्रश्न वेगळा : ज्या खात्याने नियम केले, त्याच क्षेत्रातल्या खाजगी कंपनीत निवृत्तीनंतर जाणं. अशा नोकरीसाठी निवृत्तीनंतर ठरावीक काळ सरकारची परवानगी घ्यावी लागते; तो काळ दोन वर्षांवरून एका वर्षावर आणला आहे. तिथे भार्गवांचं उदाहरण लागू होत नाही.