जुळे सोलापुरातील राहत्या घरातील खोली यात्रेकरूंना देण्याबाबत

प्रश्न : आमचा फ्लॅट गृहनिर्माण संस्थेत असून मुले पुण्यात स्थायिक झाल्यामुळे एक खोली पडूनच असते. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर एकाच फेरीत करणारी कितीतरी कुटुंबे सोलापुरात मुक्काम करतात. त्यांना ती खोली एक-दोन रात्रींसाठी न्याहारीसह द्यावी, असा आम्हा उभयतांचा विचार आहे. मात्र ‘इथे लॉज चालणार नाही’ असे संस्थेच्या सचिवांनी सांगितले आहे. नियम काय आहेत?

उत्तर 1 : आपण स्वतः त्याच घरात राहता, ही आपली सर्वांत जमेची बाजू आहे. राज्याच्या पर्यटन संचालनालयाची ‘निवास व न्याहारी’ योजना अशाच घरांसाठी असून सोलापूर जिल्हा पुणे विभागीय कार्यालयाकडे येतो. अर्जासोबत मालकीचा पुरावा आणि संस्थेचे ना हरकत पत्र तयार ठेवावे. पूर्ण फ्लॅटच दुसऱ्याला राहायला दिला, तर मात्र प्रकरण वेगळे होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार तो करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो.

उत्तर 2 : मी आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीत आहे, म्हणून सचिवांची बाजू मांडतो. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाळीच्या दिवशी भरलेली सामायिक टाकी पुढची पाळी येईपर्यंत पुरवायची असते आणि प्रवासातून आलेले सहा जण आंघोळ करून कपडेही धुऊ लागले की वरच्या मजल्यावरचे नळ कोरडे पडतात. सभासदांचा खरा राग याचाच असतो, तेव्हा पाहुण्यांसाठी टँकरचा किंवा वेगळ्या टाकीचा खर्च आपण उचलाल, असे अर्जातच लिहून द्या आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. आपण तिथेच राहत असल्याने बिनभोगवटा शुल्काचा, म्हणजे सभासद स्वतः न राहता फ्लॅट दुसऱ्याला देतो तेव्हा संस्था घेते त्या जादा आकाराचा, प्रश्न येऊ नये. ते लागू झाले तरी सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही.

उत्तर 3 : एक नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी, ही कळकळीची विनंती. त्यात प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, येण्या-जाण्याची वेळ व सही असावी आणि मूळ ओळखपत्र स्वतः पाहूनच किल्ली द्यावी. परदेशी नागरिक उतरल्यास त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे, मग तो एकच रात्र राहो. स्थानिक पोलीस ठाण्यालाही आधीच लेखी कळवून पोच घ्यावी.