मेगरचं रीडिंग ०.४ मेगाओहम, वायरिंग बदलायला सांगायचं का?

तपासनीस_नवा:
ऑफिसच्या वार्षिक विद्युत तपासणीत एका डीबीवर (वितरण पेटीवर) ५०० व्होल्ट डीसीने मेगर टेस्ट (इन्सुलेशन करंट किती अडवतं ते मोजणारी) घेतली. मेन स्विच आणि सगळ्या एमसीबी (प्रत्येक सर्किटचे ब्रेकर) बंद, दिव्यांचे स्विचही बंद. लाइटिंगच्या एका सर्किटला फेज-अर्थ ४० मेगाओहम, पण न्यूट्रल-अर्थ फक्त ०.४. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की सप्लाय तोडणारा ब्रेकर) टेस्ट बटण दाबताच ट्रिप होते. वायर खराब धरायची का?

डीबी_पॅनेल:
अजून नाही. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल लिंकवर (न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीवर) त्या आरसीसीबीखालच्या सगळ्या सर्किटांचे न्यूट्रल एकत्र आहेत, म्हणजे तुम्ही सगळं मिळून मोजलंत. प्रत्येकी २ मेगाओहमची पाच सर्किटं समांतर आली की ०.४ च दिसणार, आणि १ मेगाओहमच्या किमान मर्यादेत त्यातलं प्रत्येक पास आहे! या सर्किटचा न्यूट्रल लिंकमधून सोडवा, मग मोजा. स्क्रू सैल करण्याआधी सप्लाय खरंच गेलाय का ते टेस्टरने बघा, आणि तो टेस्टर आधी व नंतर चालू पॉइंटवर तपासा. मेलेला टेस्टरही ‘सप्लाय नाही’ असंच दाखवतो.

मेगाओहम:
न्यूट्रल सोडवूनही रीडिंग कमीच आलं तर एलईडी ड्रायव्हर आणि सर्ज प्रोटेक्टरकडे बघा. त्यांच्यातला २७५ व्होल्ट एसीचा व्हॅरिस्टर (सर्ज अडवणारा भाग) साधारण ४३० व्होल्ट डीसीलाच वाहू लागतो, त्यामुळे ५०० वर तो खराब वायरसारखा दिसतो. अशी उपकरणं काढून मोजा. काढणं शक्य नसेल तर २५० व्होल्टवर घ्या, पण मर्यादा १ मेगाओहमचीच.
दिव्यांचे स्विच बंद असल्यामुळे स्विचपासून दिव्यापर्यंतची वायर तुमच्या फेजच्या मोजणीत आलेलीच नाही. स्विच चालू करा, फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी मोजा. तरीही कमी आलं तर सर्किट मधल्या जंक्शन बॉक्समध्ये तोडा आणि दोन्ही अर्धे वेगळे तपासा. खराब बाजू पुन्हा अर्धी करा. बहुतेक वेळा ओलसर बॉक्स किंवा स्क्रूखाली चेपलेली वायर सापडते, अख्खी लाइन बदलावी लागत नाही.

तपासनीस_नवा:
आणि टेस्ट बटणाचं? ते पुरेसं नाही का?

डीबी_पॅनेल:
नाही. बटण आतल्या रेझिस्टरमधून गळती तयार करतं. त्यातून यंत्रणा हलते एवढंच कळतं, ट्रिप व्हायला किती वेळ लागला ते नाही. अर्थ वायर तुटलेली असली तरी बटण पास होतं. आरसीडी टेस्टरने (आरसीसीबी तपासायच्या यंत्राने) बघताना आरसीसीबी १५ मिलिअँपिअरला ट्रिप होता कामा नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांत आणि १५० ला ४० मिलिसेकंदांत व्हायलाच हवी. सॉकेटच्या अर्थ पिनपासून अर्थ बारपर्यंतची कंटिन्युइटी (वायर सलग आहे का ती मोजणी) मात्र सप्लाय बंद असताना, या टेस्टच्या आधी घ्या.

मेगाओहम:
रिपोर्टमध्ये नुसतं ‘पास’ लिहू नका, आकडे लिहा. गेल्या वेळी २०० मेगाओहम असलेलं सर्किट आज ५ वर आलं तर मर्यादेत असूनही ते आधी उघडून बघायला हवं.